स्लो फॅशनसाठी प्रिंट: आधी बेत, मग रंग

प्रश्न थोडक्यात असा आहे: सुती आणि लिननचे, थोड्या संख्येने शिवलेले आणि बरीच वर्षे वापरता येतील असे कपडे करायचे आहेत. प्रिंट स्वतःचे हवे. मग छपाईची कोणती पद्धत सर्वांत पर्यावरणपूरक आणि डिझाइन करताना कशाकडे लक्ष द्यायचे?

यातला दुसरा भाग आधी घ्यायला हवा. पद्धतीच्या नावावरून फार थोडे ठरते. एका कपड्याला किती मीटर कापड लागले, त्या कापडावर रंगाची किती पेस्ट चढली, तिच्यातली किती धुण्यात वाहून गेली आणि तो कपडा किती धुण्यांनंतरही अंगावर घालावासा वाटतो, या चार गोष्टींवर सगळा हिशेब उभा असतो. पहिल्या दोन गोष्टी तुमच्या कागदावरच्या चित्रात ठरतात आणि चौथीही बऱ्याच अंशी तिथेच. रंगाच्या डब्यावर ‘इको’ लिहिलेले असले तरी चुकीच्या रिपीटमुळे, म्हणजे कापडावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या चित्राच्या तुकड्यामुळे, वाया गेलेले कापड परत येत नाही. म्हणून चित्र काढायला बसण्यापूर्वी तीन गोष्टी समोर हव्यात: कापडाचा पन्हा, कपड्याचे कागदी कटिंग आणि ते कापडावर कसे बेतणार याचा कच्चा आराखडा.

पन्ह्यापासून सुरुवात करा. कापड १४५ सेंमीचे असेल तर दोन्ही किनारी सोडून छापण्याजोगे साधारण १४२ उरते. रिपीटची रुंदी त्याला पूर्ण भाग जाईल अशी ठेवा, म्हणजे ३५.५ सेंमी (चार वेळा) किंवा २८.४ (पाच वेळा). ४० सेंमी घेतली तर साडेतीन रिपीट बसतात आणि उजव्या किनारीला अर्धवट फूल येते. दोन पन्हे जोडायची वेळ आली की जोडावर ते डोळ्यांत खुपते, मग मधला पट्टा कापून टाकावा लागतो. हाफ-ड्रॉप रिपीट असेल, म्हणजे शेजारचा स्तंभ अर्ध्या उंचीने खाली सरकलेला असेल, तर पन्ह्यात स्तंभांची संख्या सम ठेवा. विषम ठेवली तर जोडताना दुसरा पन्हा अर्ध्या रिपीटने सरकवावा लागतो आणि तेवढे कापड दर जोडाला जाते.

उंचीचे गणित छपाईच्या साधनावर अवलंबून असते. रोटरी स्क्रीनच्या, म्हणजे छपाईच्या फिरत्या जाळीच्या, नळकांड्याचा नेहमीचा घेर ६४ सेंमी असतो, म्हणून रिपीटची उंची ६४ किंवा तिचा पूर्ण भाग हवी: ३२, २१.३३, १६, १२.८. तुम्ही ३० सेंमीचे डिझाइन दिले तर कोणीतरी ते ३२ पर्यंत ताणणार, आणि फक्त उभे ताणले तर गोल ठिपके अंडाकृती होतात. लाकडी ठसा हातात पेलावा लागतो, त्यामुळे १५ ते २० सेंमीच्या पुढे जाणे अवघड. डिजिटल छपाईला अशी मर्यादा नाही आणि नेमके तिथेच बिघडते. मर्यादा नाही म्हणून मीटरभर उंचीची रिपीट काढली जाते आणि त्याची किंमत कटिंगच्या टेबलावर मोजावी लागते.

ही किंमत समजून घ्या. बाजूच्या शिवणीवर पुढचा आणि मागचा भाग जुळवायचा असेल तर मागचा भाग पुढच्याच जागी बेतता येत नाही. चित्रातली तीच रेघ पुन्हा येईपर्यंत तो खाली सरकवावा लागतो. रिपीट ६४ सेंमीची असेल तर वाईटात वाईट वेळी जवळजवळ ६४ सेंमी कापड मध्ये अडकते, १६ ची असेल तर १६ च्या आतच सुटका होते. साध्या कापडाच्या कटिंगमध्येही साधारण १५ टक्के कातरण जाते असे कपडे उद्योगात धरले जाते. मोठ्या रिपीटचे नुकसान त्याच्या वर असते. मोठे चित्र हवेच असेल तर ते सगळ्या कापडभर न पसरवता पाठीवर किंवा घेरावर एका ठिकाणी ठेवा. त्याबद्दल पुढे.

दिशा हा दुसरा चोर. सगळी फुले देठ खाली, पाकळ्या वर अशी असतील तर प्रत्येक तुकडा एकाच दिशेने बेतावा लागतो. बाही उलटी फिरवून दोन भागांमधल्या खोबणीत बसवता येत नाही. अर्धी फुले वर आणि अर्धी खाली तोंड करून असतील तर तुकडे दोन्ही दिशांनी लागतात. परीक्षा सोपी आहे: छापलेला नमुना उलटा धरून अनोळखी माणसाला दाखवा. कोणती बाजू वरची हे त्याला सांगता आले नाही, तर डिझाइन दोन्ही दिशांनी चालेल. गळपट्टी किंवा गोट तिरप्या कापडातून काढणार असाल तर तोच नमुना ४५ अंशांत फिरवूनही पाहा.

आता प्रत्यक्ष रिपीट. संगणकावर काम करत असाल तरी एकदा कागदावर करून पाहाच, कारण चूक कुठे होते ते हाताला कळते. २० बाय २० सेंमीचा जाड कागद घ्या. चित्र मधोमध काढा आणि कडांना कुठेही टेकू देऊ नका. कागद उभा मधोमध कापा, डावा अर्धा उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून मागून चिकटपट्टी लावा. मग आडवा मधोमध कापून वरचा भाग खाली आणि खालचा वर न्या. जे चार कोपरे होते ते आता मध्यभागी आले आणि तिथे मोठी मोकळी जागा दिसते. ती भरा, नव्या कडांना न टेकता. झाली सरळ रिपीट. फोटोशॉपमधल्या ‘ऑफसेट’ने रुंदी आणि उंची अर्ध्याने सरकवली की हेच होते.

खरे काम यानंतरचे. नऊ प्रती काढून तीन बाय तीन लावा, भिंतीवर डकवा आणि तीन मीटर मागे जाऊन डोळे किलकिले करा. तीन दोष दिसतात. उभ्या किंवा तिरप्या मोकळ्या गल्ल्या. एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारे भोक. आणि रिपीटमध्ये एकच असलेले सर्वांत गडद पान, जे कापडभर ठिपक्यांची जाळी होऊन उठते. गल्ली दिसली की तिथे आणखी एक पान कोंबण्याचा मोह होतो. तसे केले तर प्रिंट दाट होते, पेस्ट वाढते आणि गल्ली शेजारी सरकते. शेजारचा आकार १५-२० अंश फिरवा किंवा सेंटिमीटरभर हलवा, गल्ली मोडते. गडद आकार एकटा ठेवू नका, रिपीटमध्ये तीन ठिकाणी वेगवेगळ्या अंतरांवर विखरा.

पेस्टचा हिशेब फार थोडे जण करतात, खरे तर तो दहा मिनिटांचा आहे. ठरलेल्या कापडाचा २० बाय २० सेंमीचा तुकडा वजन करा, त्यावर ठरलेल्या जाळीने पूर्ण भरीव रंग छापा आणि ओला असतानाच पुन्हा वजन करा. ३ ग्रॅम वाढले असतील तर चौरस मीटरला ७५ ग्रॅम. एका झग्याला १४० सेंमी पन्ह्याचे अडीच मीटर, म्हणजे साडेतीन चौरस मीटर कापड लागते असे धरा. पूर्ण भरीव जमीन, म्हणजे चित्रामागची सगळी पार्श्वभूमी, छापली तर २६२ ग्रॅम पेस्ट लागेल आणि डिझाइनने ३० टक्केच जागा व्यापली तर ७९ ग्रॅम. वीस झग्यांना एकीकडे सव्वापाच किलो, दुसरीकडे दीड किलोच्या आसपास. हा फरक कोणत्याही ‘हरित’ शाईने भरून निघत नाही. त्यातून भरीव जमीन छापताना पेस्ट ओढायच्या पट्टीचे ओरखडे दिसतात, कापड ताठ होते आणि घडीवर पांढरे पडते. जमीन रंगीत हवी असेल तर आधी कापड रंगवून घ्या किंवा न रंगवलेल्या सुताचा मूळ रंगच जमीन म्हणून ठेवा. मला दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण पुढे कपडा विटला तरी जमिनीचा रंग बदललेला लक्षात येत नाही.

रंग कमी ठेवा, छटा वाढवा. पारदर्शक रंगांच्या तीन स्क्रीन एकमेकींवर अंशतः येऊ दिल्या तर तीन मूळ, तीन जोड्यांच्या आणि एक तिन्हींची अशा सात छटा मिळतात, आणि जमीन धरून आठ. अट एकच: चढवण्याचा क्रम आधीच ठरवा आणि प्रत्येक जोडी त्याच कापडावर छापून पाहा. संगणकाच्या पडद्यावरचे ‘मल्टिप्लाय’ (रंग एकावर एक चढवून दाखवणारी सोय) आणि सुतावरचे प्रत्यक्ष मिश्रण यांत बरेच अंतर असते. रंगात पांढरा अपारदर्शक घटक मिसळलेला असेल तर ही युक्ती चालत नाही.

तिन्ही स्क्रीनची रिपीट एकाच मापाची ठेवली तर आणखी एक फायदा होतो. तिन्ही मिळून मुख्य प्रिंट, नुसत्या बाह्यरेषेची स्क्रीन हे दुसरे प्रिंट आणि नुसत्या ठिपक्यांची हे अस्तराचे किंवा खिशाचे तिसरे. पुढच्या हंगामात नव्या स्क्रीन न करता त्याच रंग बदलून वापरता येतात. स्क्रीन काढतानाच हे डोक्यात ठेवा, म्हणजे प्रत्येक स्क्रीन एकटी छापली तरी अर्धवट वाटणार नाही.

कपडा जुना होताना प्रिंटचे काय होईल, हा विचार चित्रातच करायचा. घासण्याच्या जागा ठरलेल्या असतात: कॉलरची घडी, काख, कोपर, खिशाचे तोंड, मांडीचा आतला भाग. तिथे गडद भरीव रंग आला की आधी तिथला रंग जातो आणि कपडा जुनाट दिसतो. तुटक रेघा, विखुरलेले ठिपके, दोन-तीन जवळच्या छटा असतील तर झीज त्यात मिसळून जाते, रफूही लपते आणि लहान डागही. दुसरे, उन्हाने विटण्याचा वेग प्रत्येक रंगाचा निराळा असतो. पिवळा कच्चा आणि निळा पक्का असे मिसळून हिरवा केला तर दोन वर्षांत पाने निळी होतात. मिश्र रंग करायचा तर दोन्ही घटकांचा प्रकाशपक्केपणा जवळपास सारखा हवा. पुरवठादाराच्या पत्रकात तो १ ते ८ अशा आकड्यांत दिलेला असतो. एक ६ आणि दुसरा ३ असेल तर ती जोडी सोडून द्या.

कापडाची तयारी न करता छापणे ही सर्वांत सर्रास चूक. कोऱ्या कापडाला खळ असते आणि तंतूवर नैसर्गिक मेण. तुकड्यावर आयोडिनचा थेंब टाका, निळा-काळा झाला तर खळ आहे. मग पाण्याचा थेंब टाका. एक-दोन सेकंदांत शोषला जायला हवा. पाच सेकंद मोत्यासारखा बसून राहिला तर रंगही वरच बसणार आणि पहिल्या चार धुण्यांत उतरणार. सुती कापड असेल तर त्याच्या वजनाच्या दोन टक्के धुण्याचा सोडा आणि थोडा सौम्य साबण घालून भरपूर पाण्यात तासभर उकळा, मग स्वच्छ धुवा. पाणी चहासारखे तपकिरी होते, तेच मेण आणि मळ. तयार धुतलेले कापड विकत घेत असाल तर चकाकी आणणारे रसायन नसलेले मागा. अतिनील दिव्याखाली ते निळसर चमकले तर रसायन आहे. हे रसायन धुण्यात आणि उन्हात कमी होत जाते आणि जमिनीचा पांढरेपणा बदलतो.

आता पद्धत. तंतू आधी पाहायचा. सूत, लिनन, व्हिस्कोज यांना रिअॅक्टिव्ह रंग, पिगमेंट किंवा रंगबंधकासह (रंग तंतूवर पक्का धरणाऱ्या धातूच्या क्षारासह) वनस्पती रंग. रेशीम आणि लोकर यांना अॅसिड रंग किंवा निवडक रिअॅक्टिव्ह. कागदावरून उष्णतेने उतरवायची सब्लिमेशन छपाई, साधारण २०० अंश सेल्सिअसला मिनिटभर, फक्त पॉलिएस्टरवर टिकते. सुतावर ती धुऊन जाते.

पिगमेंटमध्ये रंगकण तंतूत शिरत नाहीत. बाइंडर नावाचा कृत्रिम चिकट घटक त्यांना वर धरून ठेवतो. छापा, वाळवा, १५० अंशांवर चार-पाच मिनिटे भाजा, झाले. धुवावे लागत नाही म्हणून पाणी फार वाचते. किलोभर पेस्टमध्ये रंग १० ते ४० ग्रॅम, बाइंडर १०० ते १५०, घट्ट करणारा घटक १५ ते २०, बाकी पाणी असे प्रमाण असते. बाइंडर कमी पडला तर रंग घासून जातो, जास्त झाला तर कापड पत्र्यासारखे होते. भाजणे अपुरे राहिले तर दोन्ही चांगले असूनही रंग सुटतो आणि घरच्या इस्त्रीने छापलेल्या कामात नेहमी हेच होते, कारण इस्त्री एका जागी तेवढा वेळ राहत नाही. ‘पाण्यावर आधारित’ या शब्दाने फसू नका. पाणी उडून जाते, मागे उरणारा बाइंडर प्लास्टिकचाच पापुद्रा असतो. म्हणून हलक्या-मध्यम छटा आणि कमी व्याप्ती असेल तर पिगमेंट योग्य आहे. गडद निळा किंवा काळा, तोही अर्ध्याहून जास्त जागेवर, असेल तर नको. ओल्या घर्षणात तो हमखास कमी पडतो. पीव्हीसी असलेल्या प्लास्टिसोल शाया इथे बसतच नाहीत. त्या इस्त्रीने वितळतात, तडकतात आणि कापड पुढे पुनर्वापराला निरुपयोगी करतात.

रिअॅक्टिव्ह रंग तंतूशी रासायनिक बंध करतो, म्हणून कापड मऊ राहते आणि गडद छटाही धुण्यात टिकतात. किलोभर पेस्टसाठी रंग १० ते ४० ग्रॅम, युरिया १०० च्या आसपास, खाण्याचा सोडा २५, रेझिस्ट सॉल्ट (वाफेत रंग बिघडू न देणारा क्षार) १०, आणि सोडियम अल्जिनेटची घट्ट खळ साधारण ५००, बाकी पाणी. अल्जिनेटच का? स्टार्च किंवा गवार गम स्वतःच या रंगाशी बंध करतात, रंग वाया जातो आणि गम कापडात कायमचा अडकून ताठपणा आणतो. समुद्री शेवाळातून येणारे अल्जिनेट तसे करत नाही. पाणी जड असेल तर मात्र त्यातल्या कॅल्शियमने अल्जिनेट गाठाळते, पाणी मऊ करून घ्या. छापून वाळल्यावर १०२ अंशांच्या वाफेत आठ-दहा मिनिटे. वाफेत थेंब पडला तर तिथे रंग फुटतो, म्हणून कापड कोऱ्या कापडात गुंडाळा.

नंतरचे धुणे हीच या पद्धतीची खरी किंमत. रंगाच्या वर्गाप्रमाणे साधारण ६० ते ९० टक्के रंग बसतो, उरलेला काढावाच लागतो. आधी वाहते गार पाणी, सोडा आणि खळ निघेपर्यंत. इथे घाई करून गरम पाणी वापरले तर सुटलेला रंग पांढऱ्या जमिनीवर चढतो आणि निघत नाही. मग ५०-६० अंश, मग ९० ते ९५ अंशांवर सौम्य साबणाने दहा मिनिटे, दोनदा. शेवटचे गरम पाणी पांढऱ्या फडक्यावर पिळा, डाग आला तर पुन्हा. युरियामुळे सांडपाण्यात नत्र वाढते आणि त्यावर शेवाळ माजते, म्हणून सांडपाणी प्रक्रिया असलेल्या ठिकाणीच हे काम द्या. तसे ठिकाण हाताशी नसेल तर रिअॅक्टिव्हचा विचार सोडून हलक्या छटांचे पिगमेंट घ्या. डिजिटल छपाईतही शाई बहुधा रिअॅक्टिव्हच असते आणि वाफ-धुणे तेच. त्यात वाचते ती स्क्रीनची आणि उरलेल्या पेस्टची नासाडी. पाच-दहा मीटरच्या कामाला ती योग्य. फाइल खऱ्या मापात, १५० डीपीआयला पुरते आणि रंग पडद्यावर न ठरवता त्याच कापडावर छापून आणलेल्या रंगपट्टीवरून निवडा.

वनस्पती रंगांकडे बहुतेकांचा ओढा असतो आणि सर्वांत जास्त फसगतही तिथेच होते. बिटाचा किंवा फुलांचा रस घट्ट करून छापला तर सुंदर दिसतो आणि दोन धुण्यांत जातो, कारण त्याला धरून ठेवणारे काही नसते. हळदही धुण्यात आणि उन्हात टिकत नाही. टिकणारी पद्धत उलटी आहे: रंग न छापता रंगबंधक छापायचा आणि मग सगळे कापड रंगात उकळायचे. जिथे बंधक आहे तिथेच रंग पक्का बसतो. या पद्धतीचे सौंदर्य असे की एकाच भांड्यातून अनेक रंग निघतात. मंजिष्ठेच्या भांड्यात अॅल्युमिनियम छापलेल्या जागी लाल, लोखंड छापलेल्या जागी जांभळट काळा आणि दोन्हींच्या मिश्रणावर तपकिरी.

करायचे असे: अर्धा लिटर पाण्यात ५० ग्रॅम अॅल्युमिनियम अॅसिटेट विरघळवा आणि ८ ते १० ग्रॅम गवार गम चाळणीतून भुरभुरत, सतत घुसळत घाला. एकदम घातला तर गुठळ्या होतात आणि ठशाच्या कोरीव रेघांत बसतात. रात्रभर ठेवून फडक्यातून गाळा. ही पेस्ट कापडावर जवळजवळ दिसत नाही, म्हणून धुऊन जाईल असा चिमूटभर कच्चा रंग तिच्यात मिसळा, नाहीतर कुठवर छापले ते कळत नाही. काळ्यासाठी हिराकस (लोखंडाचा क्षार) लिटरला १० ते २० ग्रॅम, त्याहून जास्त नको, कारण लोखंड सुताला हळूहळू कुजवते. जुन्या छापील कापडांत काळ्या रेघेच्या जागीच भोके पडलेली दिसतात ती याच कारणाने. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवले तर काळा लगेच गडद उमटतो. पण हिरड्याने जमीन पिवळसर होते आणि रंगही थोडा धरते. पांढरी जमीन हवी असेल तर हिरडा टाळा.

छापलेले कापड दोन-तीन दिवस हवेशीर टांगा. मग रंगात टाकण्यापूर्वीची पायरी, जी गाळल्यामुळे सर्वांत जास्त कामे बिघडतात: लिटरला ५ ते १० ग्रॅम खडूची पूड घातलेल्या कोमट पाण्यात कापड उघडे करून झटकन बुडवा आणि दहा-पंधरा मिनिटे हलवत राहा. यात गम सुटतो, न बसलेला बंधक निष्क्रिय होतो. कापड घडी करून टाकले किंवा पाणी कमी पडले तर सुटलेला बंधक कोऱ्या जमिनीवर बसतो आणि पुढे तिथे गुलाबी ढग उठतात. ते मागाहून काढता येत नाहीत. स्वच्छ धुऊन मग मंजिष्ठेत घाला, मुळांची पूड कापडाच्या वजनाच्या ३० ते ५० टक्के. थंड पाण्यापासून सुरू करून तासाभरात ६५-७० अंशांपर्यंत न्या आणि तासभर तिथे ठेवा. ८० च्या पुढे गेले की लाल मातकट होतो. भांड्यात गव्हाच्या कोंड्याची पुरचुंडी टाकली तर जमीन जास्त स्वच्छ राहते. क्रोमचे बंधक कितीही चमकदार रंग देत असले तरी हात लावू नका, ते विषारी आहेत.

स्क्रीनची जाळी साध्या भरीव आकारांना ४३टी (सेंटिमीटरला ४३ धागे), बारीक रेघांना ५५टी. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ ४३टी वर धरत नाही, तुटक येते. शेजारी-शेजारी येणारे दोन रंग ०.३ ते ०.५ मिमीने एकमेकांवर घ्या, नाहीतर कापड किंचित हलले की मध्ये पांढरी भेग दिसते. कडा फुटत असतील तर पेस्ट पातळ आहे किंवा पट्टी जास्त दाबली जाते. भरीव जागेत बारीक पांढरे ठिपके राहत असतील तर कापड नीट उकळलेले नाही किंवा पेस्ट जाळीत वाळते आहे.

आता ठरावीक जागी बसवायचे प्रिंट, ज्यात कापडभर न छापता कागदी कटिंगच्या रेषेतच चित्र छापतात. कातरणीवर रंग जात नाही, म्हणून हे उत्तम, पण कापडाचे आटणे विसरलात तर सगळे फसते. ठरलेल्या कापडावर ५० बाय ५० सेंमीचा चौकोन पक्क्या शाईने आखा आणि ते छपाईनंतरच्या वाफ-धुण्यासह तीनदा धुऊन वाळवा. उभ्या धाग्यात ४७.८ आणि आडव्यात ४९ आले, तर फाइल उभी ५० भागिले ४७.८ म्हणजे १०४.६ टक्के आणि आडवी १०२ टक्के वाढवायची. १० सेंमीचे वर्तुळ १०.४६ बाय १०.२० असे छापले तरच शेवटी गोल राहील. चित्र शिलाईच्या मायेच्याही सेंटिमीटरभर बाहेर न्या आणि महत्त्वाचा आकार शिवणीपासून तीन सेंमी आत ठेवा. कपड्याच्या दोन तुकड्यांमधल्या मोकळ्या जागेत खिसा, पट्टी आणि गोट यांचे प्रिंट बसवा.

सगळे कापड छापण्यापूर्वी मीटरभराचा नमुना तपासा. प्रयोगशाळेत धुण्यासाठी आयएसओ १०५-सी०६, घर्षणासाठी १०५-एक्स१२ आणि प्रकाशासाठी १०५-बी०२ मागा. धुण्याचा पक्केपणा ५ पैकी ४, कोरडे घर्षण ४, ओले ३, प्रकाश ८ पैकी किमान ४ धरा. रोज वापरायच्या कपड्याला त्याखाली जाऊ नका. घरी करायचे तर पांढरे सुती फडके बोटावर ताणून कोरडे दहा वेळा आणि ओले दहा वेळा घासा, नमुना दहा वेळा धुवा आणि अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. पुठ्ठा काढल्यावर सीमारेषा स्पष्ट दिसली तर तो रंग बदला.

प्रमाणपत्रांबद्दल थोडेसे, कारण लेबलवर ती सरमिसळ करून छापली जातात. ओईको-टेक्स स्टँडर्ड १०० तयार मालात घातक द्रव्ये आहेत का ते पाहते, पाणी किती लागले ते नाही. जीओटीएसला (सेंद्रिय कापडाचे जागतिक मानक) किमान ७० टक्के प्रमाणित सेंद्रिय तंतू लागतात, ‘सेंद्रिय’ असे लेबल लावायला ९५ टक्के, आणि त्यात छपाईची रसायने व सांडपाणीही येते. नुसते कापड प्रमाणित असून छपाई प्रमाणित नसेल तर तयार कपड्यावर ते चिन्ह लावता येत नाही.

उरलेल्या पेस्टचे नियोजन आधीच करा. रिअॅक्टिव्हची पेस्ट सोडा घातल्यावर काही दिवसांतच निकामी होते. म्हणून रंग, युरिया आणि अल्जिनेट एकत्र करून ठेवा आणि सोडा त्या दिवशी लागेल तेवढ्यातच मिसळा. स्क्रीन धुताना आधी पेस्ट पट्टीने खरवडून डब्यात परत घ्या, मग ओल्या फडक्याने पुसा आणि शेवटी पाणी. उरलेले पिगमेंट एकत्र केले की राखाडी-तपकिरी छटा मिळते, ती पिशव्यांना, अस्तराला किंवा पुढच्या चाचणी-नमुन्यांना पुरते.

आणि प्रत्येक प्रिंटचा २० सेंमीचा तुकडा कार्डावर लावून ठेवा: कापडाचा प्रकार आणि पन्हा, रिपीटचे माप, पेस्टचे ग्रॅममधले प्रमाण, स्क्रीनचा क्रम, तापमान-वेळ, आटण्याचे आकडे. सोबत त्याच घाण्यातली कापडाची वीतभर जास्तीची पट्टी प्रत्येक कपड्याबरोबर ग्राहकाला द्या, धुतलेली आणि न धुतलेली अशा दोन. चार वर्षांनी कोपर फाटला तर ठिगळाला जुळणारे कापड ग्राहकाकडे असेल. धुतलेली पट्टी ग्राहकाने कपड्याबरोबरच धुवत राहावी, म्हणजे ठिगळही तेवढेच विटलेले निघेल, असे लेबलवर लिहा.